पुढच्या रांगेतला मुका कॉर्नेट

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या बँडच्या ऑफिसातून फोन आला. बँडची स्मरणिका निघणार आहे, तुम्ही जुने, तुम्हाला लिहायची हौसही आहे, तर बँडचा इतिहास आणि रचना यांवर चार पानं लिहून द्या. अट एकच, व्यक्तींची नावं नकोत, कारण संस्था व्यक्तीपेक्षा मोठी असते. फोन करणारा अधिकारी तरुण होता आणि हे वाक्य तो इतक्या भक्तिभावाने बोलला, की मी "जी साब" म्हणून मोकळा झालो. फौजेत पंचवीसेक वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काही निघत नाही.

चार पानं हिंदीत लिहून दिली. ती दोनदा परत आली. पहिल्यांदा 'गौरवशाली' हा शब्द कमी पडला म्हणून, दुसऱ्यांदा तो एकाच परिच्छेदात चारदा आला म्हणून. तिसऱ्यांदा पास झाली. आता फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये बसून, त्या चार पानांत जे बसलं नाही ते मराठीत लिहितोय. मराठीत लिहिलं की त्या ऑफिसात कुणी वाचणार नाही, हा एक फायदा. नावं इथेही घालणार नाही, पण त्याचं कारण संस्था मोठी असते हे नव्हे. मला माझंच नाव घालायची लाज वाटते.

तर इतिहास थोडक्यात असा. गोऱ्या साहेबाच्या लक्षात आलं, की शिपाई एकटा उत्तम चालतो, पण दोनशे जण एकत्र चालायला लागले की दोनशे तऱ्हा होतात. म्हणून त्याने ढोल आणला. नुसत्या ढोलाचा कंटाळा येतो म्हणून पितळी बाजा आणला, आणि बाजा शिकवायला विलायतेहून बँडमास्तर आणला. साहेब गेला, ढोल राहिला. फाळणीत पलटणी वाटल्या गेल्या तशी वाद्यंही वाटली गेली, असं आमचे जुने उस्ताद सांगायचे. झांजेच्या जोडीतली एक झांज इकडे राहिली आणि एक तिकडे गेली, असंही सांगायचे, पण ते रमचा दुसरा पेग झाल्यावर. पुढे स्कॉटलंडच्या डोंगरातले सूर काढून आपल्या डोंगरातले सूर आणायचं ठरलं. कुठला सूर पुरेसा भारतीय आहे हे तपासायला समित्या बसल्या. त्या समित्यांत वाजवणारा एकही नसायचा, हे मी चार पानांत लिहिलं होतं. ते काढलं. मोठ्या ढोलवाल्याच्या अंगावर पूर्वी खऱ्या वाघाचं कातडं असे, आता नायलॉनचं असतं, हेही काढलं. बहुधा वाघाची बदनामी नको म्हणून.

लढाई लागली की बँडवाल्याने बाजा खाली ठेवायचा, स्ट्रेचर उचलायचं आणि जखमींना मागे आणायचं, हे मात्र ठेवलं. ते खरंच आहे. माझ्या आधीच्यांनी ते केलंय, आणि त्याबद्दल माझ्याकडे चेष्टा नाही.

रचना त्याहून सोपी. वर अधिकारी, संगीत संचालक. त्याच्या खाली बँडमास्तर, सुभेदार दर्जाचा, बँड चालवतो तो हाच. त्याच्या खाली हवालदार, नाईक, शिपाई अशी उतरंड. आणि या सगळ्यांच्या पुढे चालतो तो ड्रम मेजर. छातीवर जरीचा पट्टा, हातात चांदीच्या मुठीची लांब काठी. अख्ख्या बँडमध्ये ज्याच्याकडे वाद्य नाही असा हा एकटाच, आणि लोक सगळ्यात जास्त फोटो त्याचेच काढतात. एवढ्यावरून शहाण्या माणसाला पुढचं सगळं कळायला हवं होतं. मला कळायला बरीच वर्षं लागली.

बँड ऐकायचा असतो ही बाहेरच्यांची समजूत आहे. बँड बघायचा असतो. रांगा कशा लावायच्या हे कोण कसा वाजवतो यावर ठरत नाही, फूटपट्टीवर ठरतं. उंच पुढे, बुटके मध्ये, कुठेही खड्डा दिसता कामा नये. मी भरती झालो तेव्हा मला क्लॅरिनेट शिकायची होती. उस्तादांनी मला बुटापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. पाच फूट अकरा इंच उंची आणि कोल्हापुरी मिशी.

"कॉर्नेट लो," ते म्हणाले. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ. "आगे की लाइन में कद चाहिए."

माझे दात कसे आहेत, ओठ कसा आहे, दम किती टिकतो, हे कुणी विचारलं नाही. मिशी मात्र साहेबांनी स्वतः पाहिली. 'सोलो कॉर्नेट' ही जागा मला अशी मिळाली, आणि मी ती माझ्या गुणांनी मिळवली असं मला दहा-बारा वर्षं वाटत होतं.

मी वाईट वाजवत होतो असं नाही. मी नियमित वाजवत होतो. सरकारी नोकरीत नियमितपणालाच गुण मानतात, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. नातेवाइकांत त्याचा काही उपयोग नव्हता. बँडमध्ये आहे म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, "लग्नाच्या सुपाऱ्या घेता का?" दिल्लीत आलो तरी सुटका नाही. मागच्याच वर्षी आमच्या सोसायटीतला पंजाबी शेजारी मुलाच्या वरातीआधी आला आणि म्हणाला, "अंकलजी, बस घोड़ी के आगे दो गाने." मी रिटायर झालोय म्हटल्यावर त्याने विचारलं, मग युनिफॉर्म तरी आहे का. त्यालाही बघायलाच हवं होतं.

माझ्या बरोबर मागे, दुसऱ्या रांगेत, एक नाईक उभा राहायचा. गढवालचा. आम्ही त्याला पहाडीच म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. उंची पाच फूट तीन इंच. डोंगराकडच्या उमेदवारांना भरतीत उंचीची सवलत असते, त्या सवलतीतून तो आत आला होता. सवलतीने आत येता येतं, पुढच्या रांगेत येता येत नाही. त्याचा बाजा सेकंड कॉर्नेट, म्हणजे आम्ही गाणार आणि त्याने हुंकार भरायचा. पण दुपारी बराकीच्या मागे तो एकटा सराव करायला बसला आणि त्याने एक सूर लांब धरला, की पत्ते कुटणारी मंडळी पान हातात धरून थांबायची. सूर संपल्यावर कुणीतरी म्हणायचं, "पहाड़ी है यार." आणि पान पडायचं. बँडमध्ये सगळ्यांना माहीत होतं की कॉर्नेट कुणाला येतो. सगळ्यांना हेही माहीत होतं की तो पाच फूट तीन आहे. दोन्ही गोष्टींत कुणाला काही अडचण दिसली नाही, मलाही नाही.

जानेवारीच्या शेवटी दिल्लीत मोठा सोहळा असतो, सगळे बँड एकत्र वाजवतात, देशभर टीव्हीवर दिसतं. त्या वर्षी आमच्या वाट्याला एक संथ धून आली होती. तिच्यात मधोमध बाकी सगळे गप्प होतात आणि सोलो कॉर्नेट सोळा बार, म्हणजे तालाची सोळा आवर्तनं, एकटा वाजवतो. घड्याळात जेमतेम एक मिनिट. पण उन्हं कलताना, समोर सगळं सरकार खुर्च्या टाकून बसलेलं असताना, ते मिनिट वाजवणाऱ्याला फार मोठं असतं. दोन महिने पहाटेच्या धुक्यात तालीम चालली होती. थंडीत पितळेला ओठ लावला की ओठ चिकटतो, बटणं गोठतात, बाजा काखेत धरून गरम ठेवावा लागतो.

आणि संक्रांत आली. आमच्या बायकोने क्वार्टरमध्ये तिळाचे लाडू केले. दिल्लीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे सण जरा जास्तच जोरात. बोलता बोलता तिचा पाक पुढे गेला. मी पहिला लाडू उचलला, "घ्या, गोड बोला" असं ती म्हणते आहे तोवर दाताखाली कडक असा आवाज झाला. लाडू शाबूत होता. वरचा पुढचा दात मुळापासून तुटला होता.

"अगं, लाडू केलेस की तोफेचे गोळे?" मी म्हणालो, पण 'तोफेचे' मधला 'फ' नुसताच हवा होऊन बाहेर आला.

ती आधी हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. ब्रास वाजवणाऱ्याचा पुढचा दात म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. बाजाचं तोंड ज्याच्यावर टेकतं तोच खांब गेला होता. फौजेच्या दवाखान्यात गेलो तर कागदावर येणार, कागदावर आलं की मेडिकल श्रेणी खाली, श्रेणी खाली की बढती बंद. म्हणून मी दवाखान्यात गेलो नाही. तोंडावर मफलर गुंडाळून बँडमास्तरांकडे गेलो.

ते खूप वेळ माझ्या तोंडात बघत राहिले. मग मी जे म्हणायला हवं होतं तेच म्हणालो, "साब, पहाड़ी बजा लेगा. उसको मेरी जगह कर दीजिए."

हे मी म्हणालो होतो, एवढं लिहून ठेवतो. माझ्या बाजूने लिहिण्यासारखं या हकिकतीत एवढंच आहे.

"और लाइन?" बँडमास्तर म्हणाले. पुढच्या रांगेत आठ जण, सगळे पाच फूट दहाच्या वर. मध्येच पाच फूट तीन आला तर रांगेत दात पडल्यासारखं दिसेल, हे त्यांचेच शब्द. कॅमेऱ्याच्या जागा ठरल्या होत्या, वरच्या साहेबांनी रांग पाहून पसंत केली होती, समारंभाचा कोट माझ्या मापाचा होता. तासभर त्यांनी विचार केला आणि फौजी तोडगा काढला. मी पुढे उभं राहायचं, बाजा तोंडाला लावायचा, गाल फुगवायचे, बोटं चालवायची. वाजवायचं मागून पहाडीने. मोकळ्या मैदानात आवाज पुढून आला की हातभर मागून आला, कुणाला कळतंय?

पहाडीला विचारलं नाही, सांगितलं. तो "जी साब" म्हणाला. नंतर मला एकट्याला गाठून म्हणाला, "उँगली सही चलाना, उस्ताद. कैमरा नज़दीक आता है."

सोहळ्याच्या संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम सोलो वाजवला. म्हणजे माझ्या उजव्या खांद्यामागून तो आला, थंड हवेत सरळ वर गेला, आणि माझे गाल फुगलेले होते. शेवटचा सूर विरला तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत, आधी एक शांतता पसरली. वाजवणारा आयुष्यभर ज्याची वाट पाहतो ती हीच शांतता. मी ती पुढे उभा राहून घेतली. आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टीव्हीवर तेही दिसलं. लोकांना फार आवडलं.

घरी आलो तर क्वार्टरच्या जिन्यात शेजारपाजारचे उभे, कुणी हार आणलेला, कुणी मोबाइलवर मलाच मी दाखवतोय. सगळे गेल्यावर बायकोने चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वाजवलं कुणी?"

"म्हणजे काय? मी."

"अहो, चौदा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. वरच्या सुरावर जायच्या आधी तुम्ही जरा बिचकता. आज बिचकला नाहीत." तिने कप माझ्यापुढे ठेवला. "कोण होतं?"

सांगितलं. तिने स्वतःचा कप भरून घेतला. मग म्हणाली, "मग त्या माणसाला जेवायला तरी बोलवा."

पहाडी सहकुटुंब जेवायला आला. पुरणपोळी त्याने तुपात बुडवून खाल्ली आणि माझ्या बायकोला ताई म्हणायला लागला. त्याची मुलगी तेव्हा आठवीत होती, गणितात हुशार, वडिलांसारखी बुटकी आणि वडिलांपेक्षा बोलकी. जेवताना पहाडीने सांगितलं, गावाकडे त्याच्या वडिलांनी मोबाइलवर सोहळा पाहिला. तो त्यांना फोनवर म्हणाला, बाबूजी, जो दिसतो तो मी नाही, जो ऐकू येतो तो मी.

"मग काय म्हणाले?" माझ्या बायकोने विचारलं.

"बोले, ऐसा कैसे हो सकता है." आणि तो हसला. आम्हीही हसलो. त्याची मुलगी हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती.

हे एकदाच व्हायचं होतं. मेट्रोने करोल बागेत गेलो, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक दाताचा डॉक्टर होता, त्याच्याकडून गुपचूप दात बसवून घेतला. "अब भुट्टा भी खाओ," तो म्हणाला. मी विचारलं, कॉर्नेट चालेल का. त्याला ते ठाऊक नव्हतं, म्हणून हातांनी करून दाखवलं. "अच्छा, शादी वाला!" तो म्हणाला. त्याचा दात शादीपुरताच होता. मधले सूर निघायचे, वर जायला लागलं की दात कलायचा आणि हवा बाजूने निसटायची. मी सराव केला, रडलो, पुन्हा सराव केला. पुढच्या जानेवारीत वरच्या साहेबलोकांनी फर्माईश केली, मागच्या वर्षीचीच धून हवी, आणि तोच कॉर्नेटवाला हवा. मी पुढे उभा राहिलो, पहाडी मागे. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही इतके सरावलो होतो, की त्याने श्वास घेतला की माझी छाती आपोआप फुगायची. माझी बोटं अचूक होती. ओठ अचूक होते. बँडमध्ये न वाजवण्याचं एवढं कसब दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाहेरच्या एका बँडचे लोक मला भेटून विचारायचे, वरच्या सुराला ओठ कसा ठेवता? आणि मी सांगायचो! हे आठवलं की अजूनही कान गरम होतात.

मग हवालदाराची एक जागा रिकामी झाली. एकच. आणि तिच्यावर हक्क सांगणारे नाईक दोन, मी आणि पहाडी, भरती एकाच वर्षाची. नाईकाची नोकरीची मुदत ठरलेली असते, त्याआधी हवालदारकी मिळाली तर मुदत वाढते, नाही मिळाली तर बिछाना गुंडाळून घरी. आम्हा दोघांचीही मुदत त्याच वर्षी संपत होती. मला फरीदाबादच्या या फ्लॅटची स्वप्नं पडत होती. पहाडीला एवढंच हवं होतं, की मुलगी अकरावीत आहे, तिची बारावी दिल्लीतल्याच शाळेत व्हावी. गावापासून विज्ञान शिकवणारी शाळा दोन बस बदलून होती.

बोर्ड बसला. आम्ही दोघं व्हरांड्यात बाकावर. दार उघडंच होतं. आधी मला बोलावलं. अध्यक्ष साहेबांनी मला पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा फुलला. "अरे, यह तो वही है ना!" त्यांनी शेजारच्या साहेबांना सांगितलं, त्यांच्या घरात सगळ्यांनी माझा सोलो पाहिलाय. फॉर्मवर एकल वादनाचा रकाना होता. त्यात त्यांनी ऐटीत काहीतरी लिहिलं. माझा बाजा माझ्या हातात होता. मी तीन आठवडे एक सोपा तुकडा घोटून आलो होतो, ज्यात वरचा सूर नाही असा. त्यांनी वाजवून दाखव म्हटलंच नाही. "ज़रूरत नहीं, सुना है हमने," ते म्हणाले.

बढतीच्या बोर्डात बँडवाल्याला वाजवायला सांगत नाहीत, याचं नवल वाटायला नको. मी म्हटलंच होतं, बँड बघायचा असतो.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. पहाडी आत गेला. त्याचा आवाज नेहमी हळू, पण दार उघडं होतं.

"क्या बजाते हो?"

"सेकंड कॉर्नेट, साब."

"सोलो कभी किया है?"

आत गप्पगार झालं. त्या क्षणी मला उठता येत होतं. दारापर्यंत तीन पावलं होती. साब, तो सोलो त्याचा आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी बाकावर बसून राहिलो आणि बाजाच्या बटणांवर बोटं फिरवत राहिलो. तो 'हो' म्हणाला तर काय, याची मला भीती वाटत होती. ती भीती मला अजून आठवते, कारण ती मित्राची भीती नव्हती, चोराची होती.

"नहीं, साब," पहाडी म्हणाला.

तो बाहेर आला, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "चलो, चाय पीते हैं." हो म्हटलं असतं तर मी बुडालो असतो, बँडमास्तर बुडाले असते, तीन वर्षांचा सोहळा बुडाला असता. त्याने ते सगळं त्या गप्पगार क्षणात मोजलं होतं. मी फक्त स्वतःपुरतं मोजलं होतं. पंधरा दिवसांनी माझ्या बाहीवर तिसरी पट्टी चढली. बायकोने ती शिवून दिली. शिवताना एक शब्द बोलली नाही, आणि आमच्या घरात ही साधी गोष्ट नाही.

ऑक्टोबरात पहाडीची मुदत संपली. आमच्या बँडमध्ये जाणाऱ्या माणसाला एक मान देतात. सकाळी तो आपलं वाद्य स्टोअरमध्ये जमा करतो. दुपारी तालमीच्या हॉलमध्ये बँड उभा राहतो आणि समोर एकच खुर्ची मांडतात. तिच्यावर जाणाऱ्याने बसायचं आणि हवी ती धून मागायची, बँड ती त्याच्यासाठी वाजवतो. अख्ख्या नोकरीत बँडवाला आपला बँड बसून ऐकतो ते एवढं एकदाच. अधिकारी येतात, चहा होतो. बहुतेक जण जोशाचा मार्च मागतात आणि मांडीवर ताल धरतात.

पहाडीने ती संथ धून मागितली.

बँडमास्तरांचा चेहरा उतरला. ते त्याच्याजवळ वाकून म्हणाले, "कोई और ले ले बेटा. कुछ जोश वाला."

"साब, तीन साल पीछे से बजाया है," पहाडी म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "सामने से कैसा लगता है, एक बार सुनना है. बस."

त्याचा बाजा सकाळीच जमा झालेला. माझ्या मागच्या जागेवर कुणीतरी नवा उभा होता, त्याला हे काही ठाऊक नव्हतं. संगीत संचालक हॉलमध्ये होते. नाही म्हणायला कुणाकडे कारण नव्हतं, निदान मोठ्याने सांगण्यासारखं. बँडमास्तरांनी माझ्याकडे न बघता छडी वर केली.

धून सुरू झाली. सगळे गप्प झाले. मी बाजा ओठाला लावला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या सोलोत खरंच फुंकलं.

पहिले चार बार निभावले. पाचव्याला वर जायचं होतं. मी बिचकलो, दात कलला, आणि जो आवाज निघाला तो सायकलच्या ट्यूबमधून हवा जाताना निघतो तसा. थांबता येत नव्हतं. सोळा बार म्हणजे सोळा बार. सूर फाटत होते, मध्येच गायब होत होते, खालून पुन्हा पकडून मी वर जात होतो आणि पुन्हा पडत होतो. पुढच्या रांगेतले सगळे आपापल्या कागदाकडे बघत होते. पहाडी खुर्चीत ताठ बसला होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर चालत होती, एकेक सूर, बिनचूक. त्याला ती थांबवता येत नसावीत.

शेवटी एकदाचे सोळा बार संपले.

"क्या हुआ?" संचालकांनी विचारलं. "तबीयत ठीक नहीं?"

"भावुक हो गया, साब," बँडमास्तर लगेच म्हणाले. "जिगरी दोस्त है इसका."

संचालकांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते चालत माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, की याला म्हणतात फौजेतली दोस्ती, मित्राला निरोप देताना ज्याला सूर आवरत नाही तोच खरा कलाकार. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. माझ्या वाईट वाजवण्यालासुद्धा टाळ्या मिळाल्या, आणि त्याने इतकी वर्षं जे चांगलं वाजवलं होतं त्याच्या टाळ्याही माझ्याच खात्यावर होत्या.

पहाडी उठून माझ्याकडे आला. मला मिठी मारायला त्याला टाचा उंच कराव्या लागल्या. मी पुटपुटलो, "माफ़ कर यार." तो म्हणाला, "तेरी क्या ग़लती. मुझे तो अपना वाला सुनना था. वो कौन बजाता?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मुद्दा आत्ताच लक्षात आल्यासारखं तो म्हणाला.

संचालक तेव्हाही दोन पावलांवर उभे होते. त्याची मुदत संपली होती, माझी पट्टी पक्की झाली होती, आता खरं बोलून माझं फारसं बिघडलंही नसतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला, समोसे आले, आणि मी ताटली धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको त्यांना आनंद विहारच्या बसवर सोडायला गेली. बरोबर पुरणपोळ्या, आणि मुलीसाठी गणिताची दोन पुस्तकं. मुलीचा शाळेचा दाखला आदल्या आठवड्यातच काढून झाला होता, अकरावी अर्धवट. बायको परत आल्यावर म्हणाली, "ती विचारत होती, काका का नाही आले." मी सांगितलं, ड्यूटी होती.

ड्यूटी नव्हती.